विनंती थांबा

ऑगस्ट २०१९. गणपती दहा दिवसांवर आलेले. पुण्याहून कोकणात जाणाऱ्या खासगी बसची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत मी बॅकएंडचं काम करत होते. रात्री साडेनऊला सावंतवाडी लाइनच्या एका ट्रॅव्हल्सवाल्या काकांचा फोन आला. "मॅडम, माझी आख्खी गाडी तुमच्याच नावावर ब्लॉक दिसतेय. आणि तुमचेच पॅसेंजर मला फोन करून विचारतायत, सीट आहे का म्हणून."

पुढचे मुद्दे त्या रात्रीपासून साठत गेले. उदाहरणं पायथनच्या एसिंकआयओमधली आहेत, कारण माझं पोट त्यावर चालतं. गो, सी-शार्प किंवा जावास्क्रिप्टवाल्यांनी नावं बदलून वाचावीत. दुखणं सगळीकडे सारखंच आहे.

१. टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही, असं नव्हे

प्रवाशानं १४ नंबरची सीट निवडली की आम्ही ट्रॅव्हल्सच्या सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायचो: ही सीट पंधरा मिनिटं धरून ठेवा. आठ सेकंदांत उत्तर आलं नाही की टाइमआउट, आणि लगेच दुसरा प्रयत्न. गर्दीच्या दिवसांत समोरचा सर्व्हर दमला होता. सीट धरायचा बिचारा, पण तसं कळवायला अकरा सेकंद लावायचा. तोवर आम्ही पाठ फिरवलेली असायची. दुसऱ्या प्रयत्नाला तो प्रामाणिकपणे सांगायचा, सीट उपलब्ध नाही. कशी असेल? आम्हीच धरली होती. मग प्रवासी १५ नंबर निवडणार, तिथेही तेच, मग १६. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, आणि दारातून आत चढल्यावर स्वतःचाच रुमाल बघून "अरे, इथे कुणीतरी बसलंय" म्हणत मागे जायचं, तसला प्रकार. वीस मिनिटांत सगळी गाडी आमच्या रुमालांनी भरली.

टाइमआउट फक्त वाट बघणाऱ्याची हकिगत सांगतो. रिक्वेस्ट पोचलीच नाही, पोचली आणि काम चालू आहे, काम झालं पण उत्तर वाटेत राहिलं, या तिन्ही गोष्टी आपल्या बाजूनं हुबेहूब सारख्या दिसतात. त्यामुळे निकाल दोन नसतात, तीन असतात: झालं, नाही झालं, कळलं नाही. या तिसऱ्याला कोडमध्ये वेगळी जागा हवी. आमच्याकडे ती नव्हती. 'कळलं नाही'ला आम्ही 'नाही झालं'च्या खात्यात टाकत होतो.

पैशाच्या व्यवहारात ही तिसरी जागा नियमानंच आखून दिलेली आहे. यूपीआयनं पैसे पाठवताना खात्यातून रक्कम गेली आणि समोरच्याला मिळाली नाही, तर ती जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई दिली पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. आमच्या फजितीनंतर महिन्याभरानं आलेलं ते परिपत्रक मी जरा जास्तच आपुलकीनं वाचलं.

उपाय जुनाच. प्रत्येक मागणीला आपला एक नंबर द्यायचा, पुन्हा मागताना तोच नंबर पाठवायचा, आणि पुन्हा मागण्याआधी "या नंबरावर काही धरलंय का" हे विचारायचं.

२. आठ सेकंद कुठून आले?

काकांनी नाही, आमच्या टीम लीडनं विचारलं. मी मागे मागे जात शोधलं. मी ते एका सहकाऱ्याच्या कोडमधून उचललं होतं आणि त्यानं कुठून उचललं हे त्याला आठवत नव्हतं.

आकडा आपण ठरवला नाही तर लायब्ररी ठरवते, आणि तिला आपला धंदा माहीत नसतो. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी स्वतःहून टाइमआउट लावतच नाही. सांगितलं नाही तर कयामतपर्यंत बसून राहील. एआयओएचटीटीपी एकूण पाच मिनिटं थांबते. एचटीटीपीएक्स पाच सेकंद. समोरचं मशीन मुळात दाद देत नसेल तर लिनक्स नेहमीच्या सेटिंगवर सव्वादोन मिनिटांच्या आसपास दार ठोठावत बसतं. यातला एकही आकडा सावंतवाडीच्या गाडीसाठी ठरवलेला नाही. आता मी गर्दीच्या दिवसाचे वेळ मोजते, शंभरातल्या नव्व्याण्णव रिक्वेस्टी कितीत परत येतात ते बघते आणि त्याच्या थोडं वर टाइमआउट ठेवते. रविवारी दुपारी मोजलेला आकडा गणपतीत उपयोगाचा नाही.

३. रद्द करणं ही विनंती आहे

टास्कवर कॅन्सल म्हटलं की ती जागच्या जागी मरते, असा माझा बरीच वर्षं समज होता. कॅन्सल नुसती घंटी वाजवतं. राज्यात कुठल्याही आडरस्त्याला एसटीची 'विनंती थांबा' ही पाटी दिसते. वाहक दोरी ओढतो, चालक पुढच्या थांब्याला गाडी घेतो. मध्येच घाटात ब्रेक मारत नाही. कोरुटीनमधला अवेट हा तसा थांबा. टास्क त्या जागी थांबलेली असताना इव्हेंट लूप तिला उत्तराऐवजी कॅन्सल्डएरर आत फेकून देतो, आणि त्याचं काय करायचं हे टास्क ठरवते. त्यातही एक खोच आहे: ज्या अवेटला उत्तर हातात तयारच असतं, तिथे गाडी थांबत नाही. पाटी आहे, प्रवासी नाही, चालक सरळ पुढे.

आणि विनाथांबा गाडी असेल तर? आमचं तिकिटाचं पीडीएफ बनवणारं फंक्शन तसं होतं. नावाला एसिंक, आत एकही अवेट नाही, मोठ्या ग्रुप बुकिंगला सहा सेकंद चालायचं. मी त्याला दोन सेकंदांच्या वेट-फॉरमध्ये गुंडाळलं आणि निवांत झाले. काहीच फरक पडला नाही. टाइमआउटची घंटी वाजवणारा इव्हेंट लूपच त्या फंक्शननं सहा सेकंद अडवून धरलेला. दोरी ओढायला वाहक गाडीत होताच कुठे? लूप मोकळा झाल्यावर शेजारच्या भलत्याच रिक्वेस्टींची मुदत उलटून गेलेली असायची आणि त्या कापल्या जायच्या. लॉगमध्ये नाव त्यांचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. एसिंकआयओचा डीबग मोड लावला की १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लूप अडवणारा नावानिशी लॉगमध्ये येतो. हे मला त्या आठवड्यात कळलं.

मग पीडीएफ थ्रेडमध्ये टाकलं. लूप मोकळा झाला, पण थ्रेड बाहेरून थांबवता येत नाही. आपलं वाट बघणं सुटतं, तो मात्र आपलं काम रेटत राहतो. ही पायथनची एकट्याची उणीव नाही. जावामध्ये थ्रेड जागेवर ठार करणारी स्टॉप ही मेथड होती. १९९८ मध्ये जेडीके १.२ नं ती वापरू नका म्हणून सांगितलं, कारण मधेच मारलेला थ्रेड हातातली कुलपं सोडून द्यायचा आणि त्यामागचा डेटा अर्धा बदललेला तसाच उघडा पडायचा. डेटाबेसचंही तेच. थ्रेडमधून पाठवलेल्या क्वेरीची वाट बघणं आपण सोडलं तरी पोस्टग्रेस ती चालवत राहतो. त्याच्या स्टेटमेंट-टाइमआउटची मूळ किंमत शून्य आहे, म्हणजे मर्यादाच नाही. ती मर्यादा तिकडेच घालावी लागते.

४. कॅन्सल्डएरर गिळू नका

आमच्याकडे सीटचे नकाशे ताजे ठेवणारी एक टास्क होती. न संपणारा व्हाइल लूप, आत ट्राय, ट्रायमध्ये एक अवेट, आणि खाली 'एक्सेप्ट एक्सेप्शन': आली चूक, लिही लॉगमध्ये, लाग पुन्हा कामाला. नेटवर्क पडलं तरी टास्क मरू नये म्हणून मोठ्या कौतुकानं लिहिलेला कोड. कौतुक माझंच.

त्या वेळी आम्ही पायथन ३.७ वर होतो, आणि त्यात कॅन्सल्डएरर हा एक्सेप्शनच्याच कुळातला होता. डिप्लॉय सुरू झालं की जुन्या पॉडला सिग्नल यायचा, आम्ही सगळ्या टास्कना कॅन्सल म्हणायचो आणि त्या संपायची वाट बघायचो. नकाशावाल्या टास्कमध्ये कॅन्सल्डएरर यायचा, ती तो चूक समजून लॉगमध्ये लिहायची आणि पुन्हा कामाला लागायची. कुबरनेटिस त्याच्या ठरलेल्या तीस सेकंदांनी कंटाळून सगळ्या पॉडलाच मारायचं. त्यात एखाद्याचं अर्धं झालेलं बुकिंगही जायचं. प्रत्येक डिप्लॉयला प्रत्येक पॉड बरोब्बर तीस सेकंद का घेतो, हे आम्ही आठ महिने कुणालाच विचारलं नाही. असंच असतं, असं धरून चाललो होतो.

पुरावा डोळ्यांसमोर होता. दर डिप्लॉयच्या वेळी लॉगमध्ये एक ओळ यायची: 'एरर:' आणि पुढे काही नाही. कोलनपुढे कोरी जागा. कॅन्सल्डएररला सहसा मजकूर नसतो, त्यामुळे स्ट्रिंग करून छापला तर रिकामी स्ट्रिंग छापली जाते. एसिंकआयओच्या टाइमआउटचंही तसंच. तेव्हापासून मी चूक लॉग करताना नुसता मजकूर न छापता प्रकाराच्या नावासकट रेप्र छापते. ही सवय लागायला मला लाज वाटेल इतकी वर्षं गेली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये पायथन ३.८ आलं आणि कॅन्सल्डएरर बेसएक्सेप्शनच्या घरी गेला, म्हणजे 'एक्सेप्ट एक्सेप्शन'च्या जाळ्यात सापडेनासा झाला. पण उघडाबोडका एक्सेप्ट अजूनही तो गिळतो, आणि "कॅन्सल झालं तर शांतपणे परत या" असं लिहिणारे अजून भेटतात. पकडायचाच असेल तर हातातलं आवरायचं आणि तो पुन्हा वर फेकायचा. घंटी कुणी वाजवली आणि का वाजवली, ते वरच्याला माहीत असतं.

५. आवराआवरीलाही वेळ लागतो, आणि तिचाही टाइमआउट लागतो

कॅन्सल झालं की धरलेली सीट सोडायची, म्हणून मी फायनलीमध्ये सीट सोडण्याची रिक्वेस्ट घातली. त्या अवेटला वेगळी मुदत घातली नाही. समोरचा सर्व्हर दमलेला असल्यामुळेच मुळात टाइमआउट झालेला, आणि आता आपण त्यालाच म्हणतोय की सीट सोड. पायथन ३.७ पासून वेट-फॉर मुदत संपल्यावर टास्कला कॅन्सल म्हणतो आणि ती पूर्ण आवरेपर्यंत थांबतो. योग्यच आहे ते, पण माझा तीन सेकंदांचा टाइमआउट चाळीस सेकंदांनी परत आलेला मी पाहिलाय. उलट बाजूही आहे: आवराआवर चालू असताना दुसरं कॅन्सल आलं तर ती अर्ध्यात तुटते.

यावर कुणीतरी शील्ड सुचवतंच. शील्ड आतल्या कामाला घंटी ऐकू येऊ देत नाही, खरं आहे. पण बाहेरचा लगेच कॅन्सल्डएरर घेऊन निघून जातो आणि आतलं काम मागे एकटं राहतं. इव्हेंट लूप टास्कला घट्ट धरून ठेवत नाही, त्याचा हात सैल असतो, त्यामुळे त्या टास्कचा संदर्भ आपण कुठे जपला नाही तर ती मधेच कचऱ्यात जमा होऊ शकते. मी शील्ड फार क्वचित वापरते. आम्ही शेवटी केलं ते साधं: फायनलीमध्ये फक्त 'ही सीट सोडायची आहे' अशी नोंद आपल्या टेबलात, छोट्या मुदतीत, सोडण्याचं काम वेगळा वर्कर सावकाश करतो.

६. अर्धवट राहिलेलं कनेक्शन पुन्हा वापरू नका

हा मुद्दा माझ्या अंगावर आला नाही, दुसऱ्याच्या आला, आणि साऱ्या जगानं पाहिला. २० मार्च २०२३ रोजी ओपनएआयनं चॅटजीपीटी काही काळ बंद केलं, कारण काही लोकांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसू लागली होती. चार दिवसांनी त्यांनी कारण जाहीर केलं: रेडिस-पाय या लायब्ररीच्या एसिंकआयओ बाजूतला बग.

रेडिसशी बोलणारं एकच कनेक्शन आलटूनपालटून अनेक टास्क वापरतात. एक टास्क कनेक्शन घेते, प्रश्न पाठवते, उत्तर वाचते, कनेक्शन पूलमध्ये ठेवते. आता प्रश्न पाठवल्यानंतर आणि उत्तर वाचण्याआधी टास्क कॅन्सल झाली. कनेक्शन नीट पूलमध्ये परत गेलं. वरून धड दिसतंय, पण नळीत आधीच्याचं उत्तर यायचं बाकी आहे. पुढची टास्क आपला प्रश्न पाठवते आणि वाचते ते मागच्याचं उत्तर. तिथून पुढे प्रत्येकाला एकेक घर मागचं. ओपनएआयच्याच सांगण्याप्रमाणे नऊ तासांच्या एका विशिष्ट अवधीत वापरात असलेल्या प्लस वर्गणीदारांपैकी १.२ टक्क्यांची देयकाविषयीची काही माहितीही दुसऱ्यांना दिसली असण्याची शक्यता होती.

हे वाचलं तेव्हा मी चहा तसाच ठेवून आमच्या पूलचा कोड उघडला. प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये कॅन्सल झालं तर ते कनेक्शन बंद करून फेकून द्यायचं, पूलमध्ये परत ठेवायचं नाही. नवीन कनेक्शनला काही मिलिसेकंद लागतात. लागू देत.

७. मुदत प्रवासाची असते, टप्प्याची नव्हे

ब्राउझर वीस सेकंद थांबतो, गेटवे पंधरा, आमची सर्व्हिस पंचवीस. म्हणजे शेवटचे दहा सेकंद आम्ही अशा माणसासाठी राबतोय जो केव्हाच निघून गेला. त्यात तीन थरांनी प्रत्येकी तीन प्रयत्न केले की तळाच्या सर्व्हरवर एका क्लिकचे सत्तावीस घाव. तो दमलेला असतानाच.

टप्प्याटप्प्याचे टाइमआउट आणखी एका तऱ्हेनं फसवतात. रिक्वेस्ट्स लायब्ररीत पाच सेकंद लिहिलं तर ते एकूण पाच नसतात. लागोपाठच्या दोन वाचनांमधली शांतता पाच सेकंदांहून जास्त नको, एवढाच त्याचा अर्थ. दर चार सेकंदांनी थेंब थेंब देणारा सर्व्हर तासभर खेळवू शकतो.

आता आम्ही रिक्वेस्ट दारात आली की एकदाच मुदत ठरवतो आणि आतल्या प्रत्येकाला उरलेला वेळ देतो. गो भाषेनं २०१६ मध्ये १.७ आवृत्तीत कॉन्टेक्स्ट याचसाठी मुख्य लायब्ररीत घेतला. जीआरपीसी तर ही मुदत सर्व्हरकडून पुढच्या सर्व्हरकडे पोचवतो, आणि वायरवर 'अमुक वाजेपर्यंत' न लिहिता 'इतका वेळ उरलाय' असं लिहितो, कारण दोन मशीनची घड्याळं कधी जुळत नाहीत. पायथन ३.११ मधलं एसिंकआयओचं टाइमआउट ब्लॉक या कामाला वेट-फॉरपेक्षा सोयीचं आहे. अनेक अवेट एकाच मुदतीत बसवता येतात.

८. पोरकी टास्क सोडू नका

क्रिएट-टास्क म्हणून सोडून दिलेली टास्क कुणाची? तिची चूक कुणाला कळत नाही, तिला कुणी घंटी वाजवत नाही. गॅदरलाही मी पूर्वी पालक समजायचे. पण पाचांतली एक कोसळली तर गॅदर चूक कळवतो आणि उरलेल्या चार चालूच ठेवतो. नॅथॅनिएल स्मिथ यांनी २०१८ मध्ये ट्रायो लायब्ररीच्या निमित्तानं यावर लिहिलं, आणि २०२२ च्या पायथन ३.११ मध्ये टास्कग्रुप आला. एक कोसळली की बाकीच्यांना कॅन्सल, आणि सगळ्या आवरल्याशिवाय ब्लॉकच्या बाहेर पाऊल नाही. गाडी सोडण्याआधी वाहक डोकी मोजतो तसं. नव्या कोडमध्ये मी दुसरं काही वापरत नाही.

९. कॅन्सल करून बघा

यश आलेलं आणि चूक आलेली, या दोन्हींच्या टेस्ट सगळे लिहितात. मधेच कॅन्सल झालेल्याची टेस्ट मी स्वतः पाच वर्षं लिहिली नव्हती. आता आमच्याकडे एक छोटं साधन आहे: बुकिंगचं फंक्शन चालवतं आणि पहिल्या अवेटला कॅन्सल करतं, पुन्हा चालवून दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, असं शेवटपर्यंत. प्रत्येक वेळी बघायचं, एखादी सीट कुणाच्याच नावाशिवाय अडकली आहे का.

पहिल्याच दिवशी पाचव्या अवेटला टेस्ट पडली. ट्रॅव्हल्सच्या सर्व्हरनं सीट धरली आहे आणि आम्ही तिचा नंबर आपल्या टेबलात लिहायला निघालोय, यांच्या मधली जागा. तिथे कॅन्सल झालं तर सीट धरलेली, आणि आमच्याकडे नोंदच नाही. पुन्हा रुमाल. क्रम उलटा केला: आधी आपल्या टेबलात नंबर, मग सीटची मागणी.

सावंतवाडीच्या काकांशी बोलताना मी हा बदल त्यांना मोठ्या उत्साहानं समजावून सांगितला. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आधी चार्टवर नाव, मग तिकीट. मॅडम, आम्ही कधीपासून तेच करतोय."